जिवंतांच्या कागदावरचे आजोबा

व्लासिस कुरेंटासचे आजोबा एकशे एकोणचाळीस वर्षांचे झाले होते, आणि चर्चच्या कागदाप्रमाणे त्यांची तब्येत ठणठणीत होती.

अग्रिदी गावात प्रत्येक घराचे दोन कागद असतात. एकावर घरातल्या जिवंत माणसांची नावं, दुसऱ्यावर गेलेल्यांची. पितरांच्या शनिवारी बायका गहू उकडतात, त्यात बेदाणे आणि डाळिंबाचे दाणे घालतात, वर साखरेचा जाड थर देऊन मेणबत्ती खोचतात, आणि ते ताट घेऊन चर्चमध्ये जातात. दोन्ही कागद पाद्रीबुवांच्या हातात द्यायचे. ते मोठ्याने वाचतात. आडनावं लावत नाहीत, कारण देवाला माणूस ओळखायला आडनाव लागत नाही असं गावाचं मत आहे. माणूस गेला की त्याचं नाव एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जातं. त्याला एक अंत्ययात्रा पुरते.

आजोबांची अंत्ययात्रा कुणी पाहिली नव्हती. बायकोला सातवा महिना लागलेला असताना, १९०७ साली, ते अमेरिकेला गेले. १९३१ पर्यंत वर्षाकाठी दोन पत्रं यायची. मग एकही आलं नाही. माणूस गेल्याचं कळलं नाही, म्हणून गहू उकडले नाहीत, म्हणून नाव हललं नाही. त्यात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची गावाची रीत. त्यामुळे घराच्या जिवंतांच्या कागदावर दोन व्लासिस होते आणि पाद्रीबुवा ‘व्लासिस, व्लासिस’ असं लागोपाठ वाचायचे. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, बिचारे अडखळतात.

आजी गारूफालियाने मरेपर्यंत फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधला. या गावात बाई चाळिशीला येईपर्यंत कुणा ना कुणासाठी काळ्या कपड्यांत गेलेली असते. नव्वद वर्षांची म्हातारी फुलांच्या रुमालात पाणवठ्यावर आली की बायका तोंडावर रुमालाचं टोक धरून हसायच्या. पुरुष तेवढं कशाला झाकतील? ते उघड म्हणायचे, की नवरा तिकडे गोऱ्या बायकोबरोबर जेवतोय आणि ही इकडे नवरीसारखी नटतेय. जाताना आजीने नातवाचा हात धरला आणि सांगितलं, “तो गेल्याचं कळलं की गहू उकड. त्याआधी नको.”

व्लासिसने हो म्हटलं. तो पोस्टमन होता. आसपासच्या अकरा वाड्यांत त्याने छत्तीस वर्षं पत्रं पोचवली, बर्फात, पुरात, एकदा तर लांडग्याच्या पुढ्यातून. पण आजीचं हे काम आज करू, उद्या करू म्हणता म्हणता पंचेचाळीस वर्षं राहिलं. आणि मागच्या हिवाळ्यात तो अंगणात घसरून पडला. मनगट मोडलं. बायको येईपर्यंत तो तसाच आभाळाकडे बघत पडून राहिला आणि तेव्हा त्याच्या डोक्यात हिशेब आला, की आपण आत्ता गेलो तर पात्रास शहरात असलेली मुलगी येईल, एक व्लासिस मेलेल्यांच्या कागदावर नेईल, आणि उरलेला व्लासिस बघून म्हणेल, हा चुकून राहिला वाटतं. आणि खोडून टाकेल. म्हणजे आजोबा ना जिवंतांत, ना मेलेल्यांत.

“प्लास्टर निघालं की आजोबांना मारतो,” त्याने डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने वेदनाशामक गोळीचं प्रमाण कमी केलं.

पाद्रीबुवा येरासिमोस चाळिशीचे होते, शिकलेले होते, आणि रिवाजाप्रमाणे चौऱ्याहत्तर वर्षांच्या व्लासिसला ‘बाळ’ म्हणायचे.

“ते कुठे वारले, बाळ? आणि कधी?”

“ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, पाद्रीबुवा? एकशे एकोणचाळीस वर्षं झाली. वारले असणारच.”

“असणारच म्हणजे अंदाज. जिवंत माणसाला मेलेल्यांत वाचणं म्हणजे त्याला शाप देणं. पलीकडच्या गावात एका बाईने सुनेचं नाव असं मुद्दाम कागदात घुसवलं होतं. मला ते पाप नको. बायबलातला मथुशलह नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला होता.”

“मथुशलह कापडाच्या गिरणीत कामाला नव्हता.”

“काहीतरी कागद आण, बाळ. एक कागद.”

घरी वेगळीच लढाई होती. बायको पागोना म्हणाली, “मेलेल्यांच्या कागदावर मी माझ्या हाताने ‘व्लासिस’ लिहू? तू समोर बसून डाळ खात असताना?”

“तो दुसरा व्लासिस आहे.”

“तुला माहीत, मला माहीत. वर जो यादी घेऊन बसलाय त्याला माहीत आहे का? तो नावं मोजणार. एक व्लासिस इकडचा तिकडे गेला, असं म्हणून माणूस पाठवणार. कुठल्या दारात पाठवणार?”

व्लासिसने उरलेली डाळ संपवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली.

खालच्या शहरात नगरपालिकेत एव्दोक्सिया नावाच्या बाई नोंदवह्या सांभाळायच्या. त्यांनी शिडी लावून एक वही काढली, धूळ झटकली आणि बोट ठेवलं. व्लासिस कुरेंटास, बापाचं नाव थानासिस, जन्म १८८४. मृत्यूचा रकाना कोरा. शेजारी लाल शाईत लिहिलेलं: सैन्यभरतीला गैरहजर.

“काका, हे तर जिवंत आहेत.”

“तेच तर बदलायचंय.”

“मग मृत्यूचा दाखला आणा.”

“दाखला तर तुमच्याकडे मागायला आलोय.”

“आम्ही नोंदीवरून दाखला देतो. नोंद दाखल्यावरून करतो.” बाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की व्लासिसला क्षणभर ते पटलंच. “आणि ते स्वतः आले तर त्यांना आधी भरतीचा खुलासा करावा लागेल. हे लाल शाईचं तसंच ठेवता येत नाही.”

“एकशे एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला बंदूक देणार तुम्ही?”

“मी देणारी कोण? मी फक्त वही बघते.” पण बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी वही मिटली आणि आवाज खाली आणला. “अमेरिकेचे लोक दर दहा वर्षांनी घरोघरी जाऊन शिरगणती करतात. बहात्तर वर्षं झाली की ते कागद सगळ्यांना खुले करतात. आजोबा कुठल्या शिरगणतीपर्यंत सापडतात ते बघा. ज्या गावात शेवटचे दिसतील, त्या गावाला दाखला मागा.”

व्लासिस बसमध्ये बसला तो बोटं मोजतच.

अग्रिदीत कॉम्प्युटर बऱ्याच घरी होते, पण इंग्रजी येणारं माणूस एकच होतं, औषधाच्या दुकानातली एरास्मिया. तिने काउंटरमागच्या कॉम्प्युटरचा पडदा गिऱ्हाइकांकडे वळवून ठेवला. सकाळी दहाला दुकानात रक्तदाबाची गोळी घ्यायला आलेले सहाजण होते. पैकी एकाचाही रक्तदाब त्यानंतर तासभर ताब्यात राहिला नाही.

“१९१०,” एरास्मिया म्हणाली. “मॅसॅच्युसेट्समधलं गिरणीगाव. एका घरात अकरा भाडेकरू. सगळे गिरणी कामगार. हे बघा, व्लासिसकाका. कुरेंटास, वय सव्वीस. लग्न झालेलं, तीन वर्षांपूर्वी. लिहिता-वाचता येतं का? नाही.”

आजोबांचं अक्षर म्हणून व्लासिसने ती पत्रं पेटीत जपून ठेवली होती. वळणदार, मोत्यासारखं अक्षर. ते भलत्याचंच निघालं. छत्तीस वर्षं पत्रं वाटलेल्या माणसाला हे जिव्हारी लागतं.

“बाकीचे दहा कोण आहेत ते वाच की,” मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वाचले आणि तिथेच चूक झाली. दहापैकी सातजण आडनावांवरून अग्रिदीचे निघाले. म्हणजे दुकानातल्या निम्म्या गिऱ्हाइकांचे आजे-पणजे एकाच छपराखाली झोपत होते. दुपारपर्यंत बातमी वरच्या आळीला गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात बावीस माणसं उभी होती, त्यांत एकाकडेही डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. कुणाला पणजोबा हवे होते, कुणाला पणजोबांनी नेलेलं पितळी घड्याळ. एक म्हातारी शेळीबद्दल विचारत होती. शिरगणतीत शेळ्या मोजत नाहीत हे तिला पटेना.

“मग कसली मेली गणती,” ती म्हणाली.

या गर्दीत सगळ्यांत पुढे स्पिलिओस असायचा. स्पिलिओस कुरेंटास म्हणजे व्लासिसचा शेजारी, लांबचा भाऊबंद, आणि आयुष्यभराचा टोमणा. त्याचा सख्खा काकाही अमेरिकेला गेला होता आणि त्याचंही नाव व्लासिसच होतं, कारण तो आणि व्लासिसचे आजोबा चुलतभाऊ, आणि दोघांना एकाच आजोबाचं नाव मिळालेलं. पण तो काका १९१४ सालीच छातीच्या दुखण्याने, लग्नाआधी वारला, असं पत्र आलं होतं. गावात त्याच्यासाठी ठरवलेली मुलगी पुढे आयुष्यभर अविवाहित राहिली. स्पिलिओसचं घर त्याच्या नावाने दरवर्षी गहू उकडायचं आणि बिनलग्नाचा गेला म्हणून ताटावर पांढऱ्या साखरी बदामांचा लग्नमुकुट काढायचं. तो मुकुट इतका देखणा असायचा की शेजारच्या गावातून बायका बघायला यायच्या.

“आमच्या काकाने कसं, वेळेवर मरून दाखवलं,” स्पिलिओस म्हणायचा. “कागदाला त्रास नाही.”

१९२० चा कागद उघडला तेव्हा दुकान खच्चून भरलं होतं. एरास्मियाने नाव घातलं, वाचायला सुरुवात केली आणि आवाज हळू केला.

“व्लासिस कुरेंटास. वय चौतीस. बायको... मार्गारेट. आयर्लंडची. तीन मुलं.”

स्पिलिओसने लगेच तोंड उघडलं.

“मी नाही म्हणायचो? गारूफालियाकाकू रुमाल बांधत राहिल्या आणि साहेब तिकडे बटाटे खात होते.”

एरास्मियाने पडदा बंद केला. व्लासिसने टोपी घेतली. दारातून बाहेर पडताना त्याने मान ताठ ठेवली, इतकी ताठ की उंबरा दिसला नाही आणि वजनकाट्याला धडक बसली. काट्याने अठ्ठ्याऐंशी किलो दाखवले. तेही सगळ्यांनी वाचलं.

आठ दिवस तो कॉफीच्या दुकानात गेला नाही. घरी एकटाच बसून सोंगट्या खेळला आणि हरला. पागोनाने चिडवलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. नवव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “आता सोड. ज्याने आजीला फसवलं त्याच्यासाठी मी गहू उकडणार नाही. ना जिवंत, ना मेलेला. राहू दे लटकत.”

व्लासिसने चमचा खाली ठेवला. “मुलांची नावं काय होती?”

“कुणाच्या?”

“त्या मार्गारेटच्या. आम्ही नावं वाचलीच नाहीत.”

तो तोंडही न पुसता उठला. एरास्मिया दुकान बंद करत होती. स्पिलिओस खोकल्याचं औषध घेत होता, आणि त्याच्या मागे चार-पाच नेहमीची माणसं उभी होती. व्लासिस सरळ काउंटरशी गेला.

“उघड. सगळं वाच. एक ओळ सोडू नकोस.”

“काका, राहू द्या ना.”

“वाच.”

“मोठा मुलगा,” एरास्मियाने वाचलं, “वय पाच. नाव स्पिलिओस.”

आता हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिला मुलगा झाला की त्याला बापाच्या बापाचं नाव. अमेरिकेत जा, चंद्रावर जा, आयरिश बायको कर, पण हे बदलत नाही. माणूस धर्म सोडेल, पण बापाच्या नावाचा पोरगा सोडणार नाही. व्लासिसच्या आजोबांचा बाप थानासिस. आणि बापाचं नाव स्पिलिओस असलेला व्लासिस कुरेंटास गावात एकच होता. बदामांच्या मुकुटाचा.

सगळ्यांच्या माना हळूहळू स्पिलिओसकडे वळल्या. तो बाटली हातात धरून उभा होता.

“पण आमचा काका १९१४ ला वारला,” तो म्हणाला.

“मग वारल्यावर त्याला तीन मुलं झाली,” मागची म्हातारी म्हणाली. तिची शेळी अजून सापडली नव्हती, त्यामुळे ती कुणालाच दयामाया दाखवायच्या मनःस्थितीत नव्हती.

“ते पत्र कुणी लिहिलं होतं?” व्लासिसने विचारलं.

स्पिलिओस घरी जाऊन ते पत्र घेऊन आला तेव्हा व्लासिसनेही आपली पेटी आणली होती. दोन्ही कागद काउंटरवर शेजारीशेजारी ठेवले. दोन्हींवर तेच मोत्यासारखं वळणदार अक्षर. स्पिलिओसच्या काकाने आपल्या मृत्यूची बातमी स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि नंतर सतरा वर्षं व्लासिसच्या आजोबांची पत्रंही त्यानेच लिहून दिली होती.

“शंभर वर्षं,” स्पिलिओस म्हणाला. “शंभर वर्षं आम्ही बदाम लावतोय.” मग थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात, “म्हणजे अमेरिकेत माझ्या नावाचा माणूस आहे?”

पाद्रीबुवांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्या रात्रीचं जेवण टाळलं. जिवंत माणसाला मेलेल्यांत वाचायचं पाप चर्चने कित्येक वर्षं नेमाने केलं होतं. आता तर ते कागदाच्या बाबतीत आणखी कडक झाले.

खरे आजोबा पुढच्याच पानावर मिळाले. गिरणीगावातच, भाड्याच्या खोलीत. १९२० मध्ये वय तेहतीस, विवाहित. १९३० मध्ये वय चाळीस, विवाहित, पहिलं लग्न झालं तेव्हाचं वय बावीस. १९४० मध्ये पंचेचाळीस, विवाहित. १९५० मध्ये बावन्न, विवाहित. घरात बायको कुठल्याच कागदावर नाही, पण रकाना एकदाही रिकामा नाही. दर दहा वर्षांनी कुणी अनोळखी माणूस दार वाजवायचा, लग्न झालंय का विचारायचा, आणि आजोबा हो म्हणायचे.

व्लासिस हे घरी सांगत होता तेव्हा पागोना कांदा चिरत होती. ती कांदा चिरतच राहिली.

वयाची मात्र भानगड झाली. चाळीस वर्षांत आजोबा सव्वीसच वर्षांनी वाढले होते. “म्हाताऱ्याला गिरणीत ठेवत नसतील,” एरास्मिया म्हणाली, “म्हणून चोरलं असेल.” पण स्पिलिओसने पेन्सिल घेतली.

“या वेगाने आज त्यांचं वय नव्याण्णव.”

हा आकडा पाद्रीबुवांपर्यंत पोचायला नको होता. तो चर्चच्या घंटेच्या आधी पोचला.

“नव्याण्णव म्हणजे काही फार नाही, बाळ,” पाद्रीबुवा म्हणाले. “माझी मावशी एकशे एक आहे आणि अजून ऑलिव्ह काढायला शिडीवर चढते. १९५० नंतरचं काय आहे?”

१९५० नंतरचं काहीच नव्हतं. पुढची शिरगणती २०३२ साली खुली होणार होती.

“तोवर थांबू,” पाद्रीबुवा म्हणाले. गावातल्या बाकीच्यांनीही तेच सांगितलं, आणि वर एकेकाने आपापला उपाय सांगितला. दूतावासात जा. टीव्हीवर जा. खाटीक म्हणाला, सरळ थडगं बांध, दगड कोण उचलून बघतो. व्लासिसने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पुन्हा एरास्मियाकडे गेला.

“१९५० च्या कागदावर पत्ता आहे?”

“रस्ता आणि घरनंबर आहे. घर त्या दुसऱ्या स्पिलिओसचं आहे, म्हणजे आयरिश बाईच्या मोठ्या मुलाचं. वय पस्तीस, गिरणीत मुकादम. बायको, दोन मुलगे, एक चार वर्षांची मुलगी. आणि भाडेकरू म्हणून आपले आजोबा.”

“मग पत्र टाकतो.”

सगळं दुकान हसलं. खोकल्याची माणसं खोकून खोकून हसली. “व्लासिस,” स्पिलिओस म्हणाला, “त्र्याहत्तर वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर? ते घर तरी असेल का? तिथे आता पेट्रोलपंप असेल.”

व्लासिस उभाच होता. वजनकाटा त्याने या वेळी नीट बघितला होता. “मी छत्तीस वर्षं पत्रं वाटली. घर पडलं तर शेजारी सांगायचे. शेजारी गेला तर दुकानदार. पत्ता आहे म्हणजे कुणीतरी आहे. तुम्ही मला औषधाचं सांगा, पत्राचं नको.”

घरी आल्यावर त्याने एरास्मियाने उतरवून दिलेला कागद पागोनासमोर ठेवला. तिने चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत खाली आली आणि थांबली.

“या चार वर्षांच्या पोरीचं नाव बघितलंस?”

व्लासिसने भाडेकरूच्या ओळीपलीकडे काही बघितलंच नव्हतं.

“गारूफालिया,” पागोना म्हणाली. “बापाची आई मार्गारेट. पोरीच्या आईची आई कोण असेल ती असेल, पण आपल्या गावचं हे नाव तिकडे कुठून आलं?”

“कुठून?”

“अरे दगडा, नाव कोण ठेवतो? बाप्तिस्म्याला मुलीला हातात कोण धरतो? धर्मबाप, नोनो, तोच ठेवतो नाव. नोनो कोण होता?” तिने भाडेकरूच्या ओळीवर बोट ठेवलं. “बायकोचं नाव ठेवलं त्याने. घरात हाक मारायला.”

मग ती उठून आत गेली, आणि व्लासिसला फडताळातून गव्हाचा डबा ओढल्याचा आवाज आला. गहू निवडायचे होते, एवढंच ती म्हणाली. ते गेल्याच आठवड्यात निवडलेले होते.

पत्र एरास्मियाने इंग्रजीत लिहिलं. पत्ता मात्र व्लासिसने स्वतः लिहिला, मोठ्या अक्षरात, आणि खाली ओळ टाकली: घर नसल्यास शेजारी द्यावे. ते जूनमध्ये गेलं. जुलैत स्पिलिओस रोज विचारायचा. ऑगस्टमध्ये विचारायचा कंटाळा केला. सप्टेंबरात नवा पोस्टमन व्लासिसला बघून रस्ता बदलायला लागला. व्लासिसने दोन वेळा स्मरणपत्र टाकलं, दुसऱ्या वेळी ‘मागील पत्राच्या संदर्भात’ असं सुरू करून.

ऑक्टोबरच्या शेवटी जाड पाकीट आलं. ते उघडायला दुकान रविवारचं उघडावं लागलं. आत तिथल्या नगरपालिकेचा शिक्का असलेला मृत्यूचा दाखला होता: व्लासिस कुरेंटास, ३ मार्च १९६१. आणि चार पानी पत्र. एरास्मियाने वाचून दाखवलं.

“‘मी गारूफालिया, सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्याच घरात राहते. नोनो मागच्या खोलीत राहायचे. गावची पत्रं माझे आजोबा त्यांना लिहून द्यायचे. आजोबा १९३२ ला गेले. आपल्याला लिहिता येत नाही हे नोनोंनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. म्हणायचे, पत्र कशाला, पुढच्या वर्षी मीच जातो. हे ते दरवर्षी म्हणायचे. मला हाक मारायची असली की आधी थोडं थांबायचे.’”

एरास्मिया नाक शिंकरायला आत गेली आणि परत आली.

“‘एक अडचण आहे. तुम्ही कळवलंत म्हणून विचारते. नोनो जाताना मला म्हणाले होते, की माझी बायको गावाला आहे, तिचं नाव जिवंतांच्या कागदावर ठेव, काही कळेपर्यंत काढू नकोस. मी ठेवलंय. दरवर्षी आमचे पाद्री गारूफालिया, गारूफालिया असं दोनदा वाचतात. त्या आता एकशे पस्तीस वर्षांच्या असतील. नवे पाद्री म्हणतात, कागद असल्याशिवाय काढणार नाही. तुमच्याकडे काही कागद मिळेल का?’”

व्लासिसने पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि पहिल्या बसची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी व्लासिस पहिल्या बसने नगरपालिकेत गेला. एव्दोक्सिया बाईंनी आजोबांचा दाखला वहीत उतरवून घेतला, लाल शाईची ओळ मात्र तशीच ठेवली, कारण भरतीचं खातं वेगळं. गारूफालिया आजीचा दाखला पाच मिनिटांत मिळाला. तो त्याने त्याच दिवशी अमेरिकेला टाकला, पोचपावतीसह.

पुढच्या मार्चमध्ये, पितरांच्या शनिवारी, चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पागोनाचं ताट सगळ्यांत मोठं होतं. साखरेच्या थराच्या कडेने तिने बेदाणे लावून फुलं काढली होती, रुमालावर असतात तशी. स्पिलिओसचं ताट या वर्षी बिनमुकुटाचं होतं. बदाम फुकट जाऊ नयेत म्हणून त्याने ते खिशात भरून आणले होते आणि प्रत्येकाला एकेक देत सांगत होता, की माझ्या काकाचं लग्न झालं होतं बरं का, तीन मुलं होती.

कागद पागोनानेच लिहिला होता. ‘व्लासिस’ लिहिताना तिने पेन तीनदा उचललं आणि शेवटी नावाच्या पुढे, रीत नसताना, कंसात ‘जुना’ असं घातलं, वरच्याचा गोंधळ नको म्हणून.

पाद्रीबुवा येरासिमोस यांनी मेलेल्यांचा कागद हातात घेतला. “थानासिस,” त्यांनी वाचलं. “गारूफालिया. व्लासिस.” कागद डोळ्यांजवळ नेला. मग तेही वाचलं: “जुना.”

लोकांनी छातीवर क्रूस काढला, आणि मागच्या रांगेतल्या शेळीवाल्या म्हातारीने, जिला हल्ली कमी ऐकू यायचं, व्लासिसकडे वळून त्याला नीट चाचपून पाहिलं. व्लासिसने तिचा हात हळूच बाजूला केला. त्याची नजर त्या दोन नावांवर होती, जी आत्ता हवेत एकापाठोपाठ एक गेली होती.

मग पाद्रीबुवांनी जिवंतांचा कागद उघडला. “पागोना,” त्यांनी वाचलं. “व्लासिस.” आणि पुढच्या घराच्या कागदाकडे वळले.

व्लासिस वाट बघत राहिला. चौऱ्याहत्तर वर्षं ते नाव दोनदा आलं होतं, आणि दोनदापैकी आपलं कुठलं, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. आता विचार करायला काही उरलं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि पागोनाचा हात शोधला. तिचा हात आधीच तिथे होता.

स्पिलिओस बाजूला सरकला आणि त्याच्या तळव्यात एक साखरी बदाम ठेवला.

“आता यादीत तू एकटाच,” तो कानाशी कुजबुजला. “अंगण बघून चालत जा.”